बाग जुनी, मालक नवा

ऑफिसात कुणी 'टेकओव्हर' हा शब्द नुसता उच्चारला, तरी कँटीनमध्ये चहाचे कप हवेतल्या हवेत थांबतात की नाही? नवा मालक येणार म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न... आपलं काय? मग एचआरची गोड गोड मेल येते, 'काहीही बदलणार नाही'. आणि पुढच्या तीन महिन्यांत बोर्डापासून बॉसपर्यंत सगळं बदलतं!

आता अशी एक कंपनी डोळ्यासमोर आणा, जिथले निम्मे कर्मचारी जमिनीत रुजलेले आहेत. त्यांना रिझाइन करता येत नाही, दुसरीकडे इंटरव्ह्यू देता येत नाही. मालक कुठलाही असो, वर्षातून दोनदा कुणीतरी कात्री घेऊन आपल्याकडे यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. हे कर्मचारी म्हणजे द्राक्षाच्या वेली. नाशिक-पुणे पट्ट्यातल्या काही नावाजलेल्या वाइनरीज गेल्या काही वर्षांत विकल्या गेल्या. नवा मालक आला, नवा पैसा आला, टेस्टिंग रूमला नवा रंग लागला. पण बाग? तिचं पुढे काय होतं? या आठवड्याचा फंडा हाच.

आता खरी गंमत. हे लिहिणारी मी वर्ध्याची! हो, तोच वर्धा जिल्हा. १९३६ मध्ये गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले आणि १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. नंतर १९९३ मध्ये गडचिरोलीत आणि २०१५ मध्ये चंद्रपुरात बंदी आली. चंद्रपूरची २०२१ मध्ये उठली, आमची कायम आहे. त्यामुळे 'वर्ध्याची मुलगी वाइनवर कॉलम लिहिते' हे ऐकून मित्रमंडळी आधी हसून घेतात. हसू देत. मला वाइन कमी कळते, बाग जास्त. कारण कारंजा, आष्टी, आर्वी हे आमच्याकडचे तालुके संत्र्याचे आणि मामांचा बगीचा कारंज्याकडे. बागेचा मालक बदलला की काय होतं, हे मी तिथं ऐकत वाढले. शेजारचा एक जुना बगीचा शहरातल्या कुणीतरी विकत घेतला, तेव्हा मामा एवढंच म्हणाले होते, ''कागद एका दिवसात होते बाई, बगीचा नाही होत.''

द्राक्षाच्या बागांचे अलीकडचे सौदे बघताना हे वाक्य मला सारखं आठवतं.

थंडी उसनी घ्यायची!

आधी बेसिक गोष्ट. वाइनच्या दुनियेत 'कूल क्लायमेट' या शब्दाला प्रचंड भाव. थंड हवेत द्राक्ष सावकाश पिकतं, त्यात साखर भरते पण आंबटपणा टिकून राहतो. वाइन ताजी, तरतरीत लागते ती त्या आंबटपणामुळे. उन्हाच्या तडाख्यात साखर भराभर वाढते, आंबटपणा उडून जातो आणि उरतं ते नुसतं जड, गोडसर काहीतरी.

मग महाराष्ट्रात कसली आलीय थंड हवा? आमच्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, पंखासुद्धा गरम वारा फेकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे तिथं जरा बरं. तरी ते काही युरोप नव्हे. मग आपल्या शेतकऱ्यांनी शक्कल लढवली ती कॅलेंडरची. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते आणि उन्हाळ्यात फळ पिकवते. आपण ते उलटं केलं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे वेल मागे छाटून नवी काडी तयार करायची. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, म्हणजे त्या काडीवर फळ धरायचं. मग घड पोसतो तो डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत आणि तोडणी होते जानेवारी ते मार्चमध्ये. जागा गरम, पण पिकण्याचा मोसम गार. थंडी विकत मिळत नाही, म्हणून कॅलेंडरकडून उसनी घेतलेली!

आमच्या संत्र्याचंही असंच. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग ते फुलतं. थोडक्यात, फळबाग म्हणजे वेळापत्रक. मालक कर्जात असो, कोर्टात असो, नाहीतर सिंगापूरच्या विमानात, छाटणीची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. एक ऑक्टोबर चुकला की त्या वर्षीचं फळ गेलं. आणि खरड छाटणीत हयगय झाली की काडी नीट तयार होत नाही, त्याचा फटका पुढच्या तोडणीला बसतो. बाग बिघडते ती अशी, गाजावाजा न होता.

तीन सौदे

आता बघा, कोण कुणाचं झालं ते.

पहिली बाग दिंडोरी तालुक्यातली, चारोसा. ही उभी केली एचसीसीनं, म्हणजे वांद्रे-वरळी सी लिंक बांधणाऱ्या कंपनीनं. पूल, बोगदे, धरणं बांधणारे लोक वाइनमध्ये उतरले आणि त्यांच्या टेम्प्रानियो रिझर्व्हचं जाणकारांनी कौतुकही केलं. टेम्प्रानियो हे मूळ स्पेनचं द्राक्ष. 'तेम्प्रानो' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'लवकर', कारण ते लवकर पिकतं. आपली थंडी इतकी छोटी, की लवकर पिकणारा पाहुणा इथं खुशीत राहतो. २०१८ मध्ये चारोसा विकत घेतली ग्रोव्हर झाम्पानं.

दुसरी, पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या रोटी गावची फोर सीझन्स. हिची टेकडीवरची महालासारखी इमारत पुणेकरांनी वीकेंडच्या फोटोंत नक्की पाहिली असेल. २०००च्या दशकात विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपनं हे स्वप्न उभं केलं. पुढे युनायटेड स्पिरिट्सचा ताबा डियाजिओकडे गेला, मल्ल्या गेले. डियाजिओसारख्या व्हिस्की-व्होडकाच्या राक्षसासाठी एका टेकडीवरची वाइनरी म्हणजे ताटातली लोणच्याची फोड. २०१९ मध्ये युनायटेड स्पिरिट्सनं ती साधारण ३२ कोटी रुपयांना विकायला काढली. घेणाऱ्यांत पुन्हा ग्रोव्हर झाम्पा!

हे ग्रोव्हर झाम्पा स्वतः तरी कोण? बंगळुरूजवळ नंदी हिल्सच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी सुरू केलेली ग्रोव्हर आणि नाशिक जिल्ह्यातली झाम्पा, या दोघी २०१२ मध्ये एक झाल्या. आणि ज्या सुमारास ही खरेदी चालली होती, त्याच सुमारास या कंपनीची सूत्रंही सिंगापूरस्थित गुंतवणूकदार रवी विश्वनाथन यांच्याकडे आली. म्हणजे नवरदेवच नुकता बोहल्यावर चढलेला आणि तो आणखी दोन घरं दत्तक घेतोय!

तिसरी, गंगापूर धरणाकाठची यॉर्क. नाव इंग्रजी वाटतं, पण आहे अगदी घरगुती. संस्थापक गुरनानी कुटुंबातल्या योगिता, रवी आणि कैलाश या तीन भावंडांची आद्याक्षरं. २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. सुला म्हणजे राजीव सामंत यांनी उभी केलेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आलेली कंपनी. पुढे २०२४ मध्ये सुलानं नाशिक जिल्ह्यातलीच एनडी वाइन्सही घेतली.

या सौद्यांत एक गोष्ट मात्र सही झाली. चारोसा, फोर सीझन्स, यॉर्क ही नावं नव्या मालकांनी पुसली नाहीत. यॉर्कची 'आरोस' अजून यॉर्कचीच म्हणून विकली जाते. लोकांच्या जिभेवर बसलेलं नाव नव्यानं बसवायला किती खर्च येतो, हे मार्केटिंगवाल्या मित्राला विचारून बघा.

पण नाव बाटलीवर असतं. वेलीवर नसतं.

वेलीचं वय विचारू नये... विचारावं!

द्राक्षाची नवी लागवड करायची तर आधी डॉगरीजसारखा रूटस्टॉक लावायचा, त्यावर कलम भरायचं, मांडव उभारायचा, ठिबक टाकायचं. मग वेलीचा ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा पसरणारा तिचा मुख्य हात, तयार करायचा. धड पीक हातात यायला तिसरं वर्ष उजाडतं आणि वाइनमेकरला हवा तसा माल मिळायला आणखी काही वर्षं. म्हणून तयार बाग विकत घेणं हा शॉर्टकट वाटतो. तुम्ही जमीन नाही, तर गेलेली वर्षं विकत घेत असता.

पण इथंच एक मेख आहे. युरोपातली वेल दर हिवाळ्यात झोपते, म्हणून पन्नास वर्षं सहज टिकते. काही ठिकाणी शंभरीसुद्धा गाठते. आपली वेल झोपतच नाही. वर्षातून दोनदा छाटणी, बाराही महिने काम. आपल्यासारखीच, नाइट शिफ्ट करून करून लवकर थकणारी! पंधरा-वीस वर्षांत उत्पन्न उतरू लागतं. २००६ ते २००८च्या तेजीत लावलेल्या बागा आज त्याच उंबरठ्यावर उभ्या आहेत.

म्हणून बाग सावरण्याची खरी कामं ब्रोशरमध्ये दिसत नाहीत. आधी रांगेत मेलेल्या वेली मोजायच्या आणि तिथं नवी रोपं लावून नांग्या भरायच्या. वाळका, रोगट ओलांडा कापून खालून आलेल्या फुटीपासून नवा धरायचा. डावणी आणि भुरीचे उरलेसुरले अड्डे साफ करायचे. घड कमी ठेवायचे, म्हणजे वेलीची ताकद परत येते. त्या वर्षी माल कमी निघणार, हे ठाऊक असूनही करायचं हे सगळं. म्हणजे पैसे मोजून नुकतीच घेतलेली बाग पहिली एक-दोन वर्षं आणखी कमी उत्पन्न देणार! क्वार्टरली रिझल्टच्या जमान्यात हे बोर्डाला समजावणं... बापरे!

आणि हे ओळखणार कोण? बऱ्याचदा पेठ-सुरगाण्याकडून येणारे छाटणीचे मजूर. कुठली रांग उताराला आहे, कुठं पाणी साचतं, कुठली वेल दरवर्षी उशिरा फुटते, हे त्यांच्या हाताला माहीत असतं. खरेदीखतात जमीन, टाक्या, बॅरल, लेबल सगळं लिहिलेलं असतं. या माणसांचं नाव त्यात कुठंच नसतं. नव्या मॅनेजरनं पहिल्याच वर्षी स्वस्तातली दुसरी टोळी आणली, तर बागेची मेमरीच फॉरमॅट झाली म्हणायची.

कराराचं द्राक्ष

आता सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक मोठ्या वाइनरीज स्वतःच्या बागेपेक्षा शेतकऱ्यांशी केलेल्या करारांवर जास्त चालतात. आणि शिराझ, कॅबरने, शेनिन लावणाऱ्या शेतकऱ्याला परतीचा रस्ता नसतो. थॉम्पसन, सोनाका यांना घाऊक बाजार आहे, एक्स्पोर्ट आहे, काहीच नाही तर बेदाणा आहे. वाइनचं द्राक्ष मात्र बारीक, जाड सालीचं, बियांचं. तुम्ही-आम्ही ते खाणार नाही. कंपनीनं उचललं नाही, तर ते वेलीवरच सुकणार.

हे नुसतं भीती घालणं नाही, असं घडलेलं आहे. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कातून सूट मिळाली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क आले. सगळीकडे एकच उत्साह. या धंद्यातला मोठा भाऊ तेव्हा नारायणगावचा शाम चौगुले यांचा इंडेज. 'मार्किस द पाँपादूर' आणि 'ओमर खय्याम' या बुडबुड्यांच्या वाइन त्यांच्याच. कंपनी जोरात होती, परदेशातल्या वाइन कंपन्यासुद्धा विकत घेत सुटली होती. मग २००८ची जागतिक मंदी आली, पाठोपाठ २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप कोसळला, कर्जं अंगावर आली. इंडेजचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कंपनी अवसायनात निघाली. त्या काळात अनेक लहान वाइनरीज बंद पडल्या, शेतकऱ्यांचे पैसे अडकले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली.

ती उपटलेली वेल कुठल्याच बॅलन्सशीटमध्ये दिसत नाही. पण गावाच्या लक्षात राहते. म्हणून नवा मालक जेव्हा गावात येतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी दुरुस्त करायच्या असतात. वेल आणि विश्वास. वेल दोन-तीन हंगामांत सावरते. विश्वासाला किती लागतात, ते गावावर अवलंबून. त्यावर औषध एकच: वेळेवर पेमेंट आणि लांब मुदतीचा करार. ज्याला पुढच्या दहा वर्षांची खात्री आहे, तोच आजची म्हातारी वेल काढून नवी लावायचं धाडस करेल.

गाई चरल्या, तरी बाग परतली

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मित्र मेलबर्नला आयटीत असतील. तिथून तासाभरावर यारा व्हॅली आहे, ऑस्ट्रेलियातल्या थंड हवेच्या वाइनचं नामांकित ठिकाण. तिथं यरिंगला पहिल्या वेली लागल्या १८३८ मध्ये. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वाइन गाजल्या. मग मंदी आली, लोकांची आवड बदलली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथली वाइन जवळजवळ संपली. द्राक्षाच्या जागी दुभत्या गाई चरू लागल्या! १९६०च्या दशकात काही हौशी लोकांनी पुन्हा वेली लावायला सुरुवात केली. यरिंग स्टेशन ही जुनी जागा १९९६ मध्ये रॅथबोन कुटुंबानं घेतली आणि ती पुन्हा नावारूपाला आली.

म्हणजे काही दशकांचा खंड पडला तरी बाग परतू शकते. का? कारण तिथली थंडी कुठं गेली नव्हती आणि जमीनही तिथंच होती. परत यायची होती ती फक्त थांबायला तयार असलेली माणसं.

आमच्या जिल्ह्यातून बघताना...

आता तुम्ही म्हणाल, या बाईच्या जिल्ह्यात तर बाटली उघडायची सोय नाही, आणि ही वाइनरीची काळजी करतेय! बरोबर आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळलेलेच होते. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असं सरकार म्हणालं. अण्णा हजारेंपासून अनेकांनी कडाडून विरोध केला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही. 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असंही तेव्हा ऐकवलं गेलं. मला ते पटत नाही. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या बाटलीला सरबत म्हणून चालणार नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी मतदानात 'आडवी बाटली' करून दुकानं बंद पाडली, ती उगाच नाही.

पण याचा अर्थ द्राक्ष लावणाऱ्याची काळजी करू नये, असा होत नाही. उलट 'शेतकऱ्यासाठी, शेतकऱ्यासाठी' म्हणत जो धंदा उभा केला, त्यात शेतकरी खरंच उभा राहिला का, हे बघायचा हक्क सगळ्यांना आहे. पिणाऱ्यांना आणि न पिणाऱ्यांनाही. मालकी बदलताना तर जास्तच. कारण शेअर विकणारा बाहेर पडतो, शेअर घेणारा आत येतो आणि वेलीसोबत जागच्या जागी राहतो तो फक्त शेतकरी.

तर मंडळी, पुढच्या वीकेंडला नाशिकला किंवा रोटीच्या टेकडीवर गेलात, तर सनसेटचे फोटो जरूर काढा. चीज प्लॅटर मागवा, ग्लास फिरवून वास घेण्याचं नाटकही करा, सगळेच करतात! मात्र टूर देणाऱ्या पोराला तीन प्रश्न विचारा. या वेली कुठल्या वर्षी लावल्या? यंदा छाटणी कुणी केली, गेल्या वर्षीच्याच लोकांनी का? आणि ज्या शेतकऱ्यांची द्राक्षं इथं येतात, त्यांचा करार किती वर्षांचा?

पहिल्याचं उत्तर त्याला पाठ असेल. दुसऱ्याला तो जरा अडखळेल. तिसऱ्याचं उत्तर त्यानं आत जाऊन, विचारून का होईना, पण सांगितलं, तर खुशाल समजा की बाग सावरतेय. आणि 'सर, तुम्ही आमचा नवा रोझे ट्राय केला का?' असं म्हणून त्यानं विषय बदलला, तर समजा की अजून फक्त कागद झालाय.